अबोल्याची पंगत

त्या जेवणातून मधल्या दिराच्या, दत्तोबाच्या, पदरात काय काय पडणार, याचा हिशेब सरुबाईने भाताचं आधण चुलीवर चढवायच्या आधीच मनाशी मांडून ठेवला होता. कार्ल्याच्या फाट्याजवळचं, हमरस्त्याला लागून असलेलं घरचं भाताचं खाचर दूध सोसायटीला जाणार. तिथे दूध थंड ठेवायचं केंद्र उभं राहणार. सोसायटीचा चेअरमन कोण, तर दत्तोबा. पुढे पंचायत समितीला उभं राहायचं झालं, तर तेच केंद्र दाखवून मतं मागणार. शिवाय गोऱ्या खासदारांच्या मांडीला मांडी लावून काढलेला फोटो. तो ओसरीवर टांगला, की मळवलीच्या स्टेशनमास्तरापासून वडगावच्या मामलेदारापर्यंत जो कुणी चहाला येईल, त्याला बघावाच लागणार. दत्तोबाला कुणाचं वाईट करायची हौस कधीच नव्हती. त्याला फक्त आपलं चांगलं करून घ्यायची घाई असायची, आणि त्या घाईत पायाखाली काय आलं हे वाकून बघायला सवड नसायची.

दत्तोबाच्या बायकोला, नंदाबाईला, चेअरमनीणबाई म्हणवून घ्यायला मिळणार. थोरल्या अंबाजींना, म्हणजे सरुबाईच्या नवऱ्याला, घर एक राहिल्याचं समाधान. आणि सगळ्यांत धाकट्या हनुमंताला काय? तर एक पत्रावळ आणि तिच्यावर वाढलेलं जेवण. खाचर त्याच्या मनात होतं. फाट्यावर मोटारी थांबतात, तिथे चहा-फराळाचं हॉटेल काढायचं, हे तो दोन वर्षं बोलत होता. सरुबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा हनुमंताचे दुधाचे दात पडत होते. त्याला सासूच्या माघारी तिनेच वाढवला. त्यामुळे या हिशेबात त्याचं नाव आलं, की तिचा हात अडायचा.

स्वतःच्या नावावर मात्र तिला काहीच मांडता येईना. घर एक राहिलं, तर एकवीस माणसांच्या भाकरी. शिवाय दुसरं एक काम, ज्याला कुणी काम म्हणत नव्हतं.

गौरी जेवल्या त्या दिवशी हनुमंताने भरल्या ताटावर वाटणी मागितली. अंबाजी ताटावरून उठले, ते त्याच्याशी बोलण्यातूनही उठले. केदाऱ्यांच्या या घरात अबोला धरायची ठरलेली रीत होती. ज्याच्याशी अबोला, तो समोर बसलेला असला तरी तिथे नाही असं समजायचं, आणि त्याला सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. तिसऱ्याने ते त्याच शब्दांत पुन्हा म्हणायचं. मगच ते त्याच्या कानावर गेलं असं धरायचं. अंबाजींचे वडील आपल्या चुलत्याशी असेच मरेपर्यंत बोलले नाहीत, आणि निरोप पोचवता पोचवता अंबाजींच्या आईचा जन्म गेला. आता ते काम सरुबाईकडे होतं. "त्याला सांग, बैलाच्या खुराला औषध लावलंय." "बैलाच्या खुराला औषध लावलंय." "दादांना सांगा, मी बघितलं." "त्याने बघितलं." तिघंही एकाच ओसरीवर, हाताच्या अंतरावर. गावातली माणसं आधी हसायची. मार्गशीर्ष लागला तोवर त्यांचंही हसून झालं होतं.

डेन्मार्क नावाच्या देशाचे तीन खासदार जेवायला येणार होते. त्यांची गंमत अशी, की ते दोन ठिकाणी खासदार होते. आपल्या देशाच्या संसदेत लोकांनी निवडून दिलेले, आणि तिथून पुन्हा निवडून नऊ देशांच्या मिळून भरणाऱ्या एका मोठ्या संसदेत पाठवलेले. मुंबईहून पुण्याला जाताना लोणावळ्याला मुक्काम, मग कार्ल्याची लेणी, एक दूध सोसायटी, आणि एखाद्या एकत्र कुटुंबात दुपारचं जेवण, असा बेत जिल्ह्यावरून ठरला. कुटुंबाची शिफारस दत्तोबाने स्वतः वडगावला जाऊन केली. "तीन भाऊ, एकवीस माणसं, एक चूल," असं त्याने सांगितलं तेव्हा ते खरंच होतं. मधल्या काळात फक्त चुलीचं खोटं झालं; हनुमंताच्या बायकोने, रतनने, पडवीत वेगळी चूल पेटवली.

"वयनी, पडवीतनं धूर येतोय," दत्तोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. अंगात नवा सदरा, कानाला अत्तराचा फाया. "साडेअकराला जीप येणार. त्यांच्या देखत दोन चुलींचा धूर दिसला तर माझी शोभा हुईल."

"रतनला सांगा की तुमी."

"मी सांगून ती ऐकंल व्हय? नंदा जाऊन आली. तर रतन म्हणाली, चेअरमनीणबाई, तुमच्या चुलीवर तवा ठेवाया आले तर मग मला इचारा."

नंदाबाई वांगी चिरत होती. तिने मान वर केली नाही. पण तिच्या पोटात काही राहत नसे, आणि आदल्या संध्याकाळी तिने राहिलेलं सगळं सरुबाईपुढे ओकून टाकलं होतं. खाचर द्यायला तिघा भावांच्या सह्या लागतात, आणि हनुमंत सही करणार नाही. मग दत्तोबाने डोकं चालवलं. पाहुण्यांचं इंग्रजी मराठीत आणि घरच्यांचं मराठी इंग्रजीत कोण करणार? हनुमंतच. लोणावळ्याच्या ज्या हॉटेलात पाहुणे उतरले होते तिथेच तो मॅनेजरच्या हाताखाली होता, आणि जिल्ह्याच्या साहेबांचं इंग्रजी कागदावर जेवढं चालायचं तेवढं तोंडात चालत नव्हतं. तेव्हा जेवणं झाल्यावर अंबाजींनी 'तिघा भावांनी खाचर दिलं' असं जाहीर करायचं, आणि हनुमंताने ते आपल्या तोंडाने पाहुण्यांना सांगायचं. एकदा परमुलखातल्या माणसांपुढे स्वतःच्या तोंडून गेलं, की दुसऱ्या दिवशी कागदावर सही नाही म्हणायला त्याला जागा उरणार नाही.

सरुबाईला सगळ्यात लागलं ते पुढचंच. हनुमंत यायला तयार नव्हता, आणि हॉटेलात गर्दी म्हणून पंधरा दिवस तिथेच मुक्कामाला होता. गेल्या आठवड्यात तीच लोकलने लोणावळ्याला गेली, हॉटेलच्या मागच्या दाराशी उभी राहिली, आणि "घरची अब्रू हाय, ये" म्हणाली. "तुमी म्हणताय म्हणून येतो," तो म्हणाला. तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. आणि आता तो पाहुण्यांबरोबर थेट जीपमधूनच उतरणार होता. बाजूला घेऊन दोन शब्द सांगायचीही सोय नव्हती.

ती हात पुसत पडवीत गेली. रतनने तीन दगडांची चूल मांडली होती आणि त्यावर आमटी रटरटत होती. ती दिसायला बारीक, पण बोलायला लागली की पडवी भरायची.

"आक्का, तुमाला धाडलं का त्यांनी?"

"मीच आले."

"तुमी कवा तुमच्या मनानं आलाय? हिकडनं निरोप आला की तिकडं, तिकडनं आला की हिकडं. पोस्टमन बी ऐतवारी सुटी घेतो."

सरुबाई खाली बसली. गुडघे वाजले. "चूल इझव म्हणत न्हाई मी. आमटी उतरव आन निखारं राखंत झाकून ठेव. पाव्हणं गेलं की फुंकर मार."

"म्हंजे त्यांनी म्हणायचं इझली, आन मी म्हणायचं हाय?"

"व्हय. दोघास्नी खरं वाटंल."

रतनला हसू आलं. तिने ते दाबलं नाही. "तुमीच पायजे हुतात त्या संसदंत." मग तिने चिमट्याने लाकडं मागे ओढली, राख सारखी केली, आणि राखेकडे बघतच विचारलं, "मला एक सांगा आक्का. ह्ये घर एक ऱ्हायलं, तर तुमास्नी काय मिळतंय?"

हाच हिशेब सकाळपासून सुटत नव्हता. सरुबाई म्हणाली, "आमटी झाक, मांजर हाय," आणि उठली. रतनला खाचराचं सांगावं असं दारापर्यंत वाटत राहिलं. पण रतन पडवीत बसून ऐकणारी नव्हती. तिने पंगतीत येऊन पत्रावळी उधळल्या असत्या. तेही सरुबाईलाच गोळा करावं लागलं असतं.

जीप आली. आधी जिल्ह्याचे साहेब उतरले, मग हनुमंत, मग पाहुणे. त्यांची नावं हनुमंताने दोनदा सांगितली, पण ती कुणाच्या तोंडात बसेनात. म्हणून एक म्हातारे साहेब झाले, एक बाई, आणि तिसरा लाल दाढीवाला. म्हातारे साहेब स्वतः गाईगुरं राखणारे निघाले. ओसरीवर चढायच्या आधी ते गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवून आले. अंबाजींना तिथेच निम्मं समाधान झालं.

दत्तोबाने तीन फेटे आणले होते. खासदारांत एक बाई असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला खण-नारळ दिला, आणि उरलेला फेटा परत न्यायचा कसा म्हणून जिल्ह्याच्या साहेबांच्या डोक्याला बांधला. साहेबांनी नको नको म्हणत डोकं पुढे केलं.

म्हाताऱ्या साहेबांचे गुडघे वळेनात, त्यांना खुर्ची. बाकीचे पाटावर. वरच्या ठाकरवाडीतली पुतळाबाई सकाळीच पत्रावळी घेऊन आली होती, ती वाढायला मदत करत राहिली. लाल दाढीवाला मांडी घालायला गेला आणि मागे कलंडला. "धरा गं त्याला, रुजलं न्हाई आजून," पुतळाबाई म्हणाली. याचं इंग्रजी हनुमंताने केलं नाही.

सरुबाई पाण्याचा तांब्या घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर उभी होती. आज तिला वाढायचं नव्हतं.

"त्याला सांग," अंबाजी तिच्याकडे बघत म्हणाले, "पाव्हण्यांनी गोड मानून घ्यावं म्हणावं."

"पाव्हण्यांनी गोड मानून घ्यावं," सरुबाई म्हणाली.

हनुमंताने त्याचं इंग्रजी केलं. बाई हसून काही बोलली. हनुमंत सरुबाईला म्हणाला, "दादांना सांगा, बाई म्हणत्यात भाताचा वास लय चांगला हाय."

"भाताचा वास चांगला हाय म्हणत्यात."

"त्याला सांग, आंबेमोहर हाय. घरचा."

असं चाललं. वरणावर तूप पडेपर्यंत पाहुण्यांच्या ध्यानात काही आलं नाही. तूप पडल्यावर बाईने घास खाली ठेवला आणि अंबाजी, सरुबाई, हनुमंत अशी क्रमाने तिघांकडे बघत राहिली. मग हनुमंताला काही विचारलं. तो सरुबाईकडे वळला.

"वयनी, बाई तुमाला इचारत्यात. समदं तुमच्याकडनं का जातंय?"

दत्तोबा घाईने म्हणाला, "मान हाय म्हणावं! थोरल्या सुनंचा मान!"

"तसं सांगू?" हनुमंताने सरुबाईलाच विचारलं.

"सांग."

बाईला ते पटलेलं दिसलं नाही. तिने आणखी एक विचारलं, आणि हनुमंताने नजर खाली करून सांगितलं, "त्या म्हणत्यात, तुमी कुणाच्या बाजूनं बोलता?"

"मी कुणाच्याच बाजूनं न्हाई बोलत," सरुबाई म्हणाली. "मी नुसती बोलते."

हे मात्र बाईला फार आवडलं. तिने बाकी दोघांना सांगितलं, तिघंही आपल्या भाषेत काहीतरी बोलून हसले, पण ते हसणं वाईट नव्हतं. मग बाईने बराच वेळ सांगितलं आणि हनुमंत एकेक तुकडा मराठीत करत गेला. त्यांच्या त्या नऊ देशांच्या संसदेत सहा भाषा चालतात. प्रत्येकजण आपल्या भाषेत बोलतो. मागे काचेच्या खोल्या असतात, त्यांत माणसं बसतात, ती एकाचं दुसऱ्याला सांगतात. तीसुद्धा कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत. "पण बाई म्हणत्यात, ते काम लय दमवतं. अर्धा तास झाला की त्यांना उठवत्यात आन दुसरा माणूस बसवत्यात."

"अर्ध्या तासानं?" सरुबाईने विचारलं.

"अर्ध्या तासानं."

"आन मग तो पयला काय करतो?"

हनुमंताने विचारून घेतलं. "भायेर जाऊन गप बसतो म्हणत्यात."

सरुबाईने तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. गौरींपासूनचे महिने तिने मोजले नाहीत; मोजून काय करणार होती? पण कुणीतरी येऊन म्हणतं, ऊठ, आता मी बसतो, हे तिच्या डोक्यात असं काही जाऊन बसलं, की पुढचे दोन निरोप तिने न ऐकताच पोचवले.

तोवर लाल दाढीवाल्याने आपला विषय काढला होता. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे म्हणून दत्तोबाने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो मान हलवून जोरात काही बोलला. म्हातारे साहेब त्याला मध्येच तोडून बोलले. तो परत बोलला.

"काय म्हणतोय त्यो?" अंबाजींनी सरुबाईला विचारलं.

"वयनी," हनुमंत म्हणाला, "दादांना सांगा, ह्याला नऊ देशांचं एकत्र घर पसंतच न्हाई. आमचा देश यातनं भायेर काढा, असं म्हणूनच त्यानं मतं मागितली, आन लोकांनी दिली."

अंबाजींचा घास हातात राहिला. "भायेर पडायचं म्हणून आत धाडलाय?"

सरुबाईने विचारलं. हनुमंत म्हणाला, "व्हय."

"त्याला इचार, मग तितं ह्येला बसू कोण देतं?"

या वेळी म्हाताऱ्या साहेबांनीच उत्तर दिलं, आणि ते देताना वांग्याची भाजी पुन्हा मागितली. "साहेब म्हणत्यात, नियमानं त्याची खुर्ची हाय. जेवडी माझी तेवडीच त्याची. बोलायचा येळ बी तेवडाच, भत्ता बी."

"भत्ता घेऊन भांडायचं?" पुतळाबाई ताक वाढता वाढता म्हणाली. "आमच्या वाडीवर फुकट भांडत्यात."

अंबाजी हसले नाहीत. ते म्हाताऱ्या साहेबांकडे आणि दाढीवाल्याकडे आळीपाळीने बघत होते. एकाला घर हवं, एकाला नको, आणि दोघं एकाच जीपमधून उतरले होते. मग त्यांनी हळू आवाजात, जणू कुणालाच विचारत नाहीत असं, म्हटलं, "त्याला इचार, ह्ये दोघं एकमेकांशी बोलत्यात का?"

"ह्ये दोघं एकमेकांशी बोलत्यात का?" सरुबाई म्हणाली.

हनुमंताने हे पाहुण्यांना विचारलंच नाही. "काल हॉटेलात ह्या दोघांनी इतकं भांडण केलं, की वेटर चमचे ठेवून बघत ऱ्हायला," तो म्हणाला. "सकाळी एकाच किटलीतला च्या प्याले. बोलत्यात, वयनी. दादांना सांगा, बोलत्यात."

ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. अंबाजींची मान आपोआप खाली गेली होती.

दत्तोबाला यातलं काही दिसलं नाही. खीर झाली, हात धुवून झाले, फोटोग्राफर फाट्यावरून आलेला होता. दत्तोबा उभा राहिला, खाकरला, आणि लाऊडस्पीकर समोर असल्यासारखा बोलू लागला. "आजच्या या मंगल प्रसंगी, आमच्या एकत्र कुटुंबाच्या वतीनं, आमचे थोरले बंधू एक गोष्ट जाहीर करणार आहेत." आणि त्याने अंबाजींच्या हातात नारळ दिला.

अंबाजींना या बेतात लबाडी दिसत नव्हती, हे सरुबाईला ठाऊक होतं. त्यांचा हिशेब साधा होता. खाचर गेलं, की हॉटेल गेलं. हॉटेल गेलं, की वाटणीचं कारण गेलं. घर राहिलं. घरासाठी त्यांनी स्वतःचीही जमीन दिली असती, आणि दुसऱ्याची दिली तरी कुणाची होती हे नंतर विचारलं असतं.

"त्याला सांग," ते म्हणाले, "फाट्याचं खाचर आमी तिघा भावांनी सोसायटीला दिलं. पाव्हण्यांस्नी सांग म्हणावं. तिघांनी दिलं."

हनुमंताचं तोंड उतरलं. त्याला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर त्याने पहिल्यांदा दत्तोबाकडे पाहिलं नाही, अंबाजींकडेही नाही. सरुबाईकडे पाहिलं. तुमी म्हणताय म्हणून येतो, असं म्हणणारा तोच चेहरा.

घरच्या रीतीप्रमाणे, जोवर ती बोलत नव्हती, तोवर ते वाक्य त्याला ऐकू आलेलं नव्हतं. ते वाक्य तिच्यापाशी येऊन थांबलेलं होतं. अख्ख्या ओसरीत कुणालाच कधी सुचलं नव्हतं, की ते तिथे थांबूही शकतं.

"आगं, सांग की," अंबाजी म्हणाले.

"ह्ये न्हाई सांगायची मी."

"काय?"

"तिघांनी दिलं म्हणताय. त्यातला तिसरा ह्यो तुमच्या म्होरं बसलाय. त्याला इचारलंय का कुणी?" आवाज चढला नाही. चढवायलाही बळ नव्हतं. "तुमाला तोंड हाय, त्याला कान हायत. मदी माझी जीब कशाला? लय झालं आता. मी दमले."

"वयनी, पाव्हणं बसल्यात!" दत्तोबा दातांतल्या दातांत म्हणाला.

"बसू द्या की. त्यांच्यात बी असंच चालतंय म्हणत्यात."

नंदाबाईने पदर तोंडाला लावला. जिल्ह्याच्या साहेबांनी फेटा सारखा केला. बाईने हनुमंताला हळूच विचारलं, काय झालं, आणि हनुमंताने मानेनेच नाही म्हटलं. पडवीच्या दारात रतन येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला राख होती.

अंबाजी नारळ धरून उभे होते. सरुबाईने त्यांना इतकी वर्षं पाहिलं होतं. ते आता ओसरीवरून उतरून शेताकडे चालू लागतील, असं तिला वाटलं. त्यांनी एक पाऊल उचललंही. मग त्यांची नजर खुर्चीतल्या म्हाताऱ्या साहेबांवर गेली. दाढीवाला पाटावरून उठायला धडपडत होता, आणि म्हातारे साहेब त्याला हात देत होते.

"हनुमंता," अंबाजी म्हणाले.

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"खाचर द्यायचं का रं?" त्यांनी थेट त्याच्याकडे बघून विचारलं. "तू न्हाई म्हणालास तर न्हाई."

हनुमंत खाली बघत होता. पत्रावळीच्या कडेचा एक तुकडा त्याने मोडला, परत मोडला. दोन वर्षं मनात बांधलेलं हॉटेल, त्याच्या पुढचा मांडव, थांबणाऱ्या मोटारी, हे सगळं त्याच्यासमोर असणारच. सरुबाईला वाटलं, आता म्हण. आता न्हाई म्हण. मी वाट करून दिली, आता जा त्या वाटेनं.

"द्या दादा," हनुमंत म्हणाला. "तुमी इचारलंत. द्या."

आणि त्याने उठून इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अंबाजींनी नारळ फोडला, फोटो निघाला. रतन दारातून कधी गेली ते कुणी पाहिलं नाही, पण फोटोत मागे पडवीच्या कौलांवरून निघालेला धूर स्पष्ट आला.

हनुमंताने खाचर का दिलं, हे सरुबाईने त्याला नंतर एकदाच विचारलं. तो म्हणाला, "न इचारता घेतलं असतं तर दिलं नसतं, वयनी. इचारलं म्हणून दिलं." तिने त्याला सोडवायला दार उघडलं होतं, आणि तो त्याच दारातून जमीन देऊन मोकळा झाला.

खाचर गेलं तरी वाटणी टळली नाही; ती पौषात करायची नसते म्हणून माघात झाली. भांडण न होता झाली, याचंच गावाला नवल. हनुमंताच्या वाट्याला डोंगराकडचं वरकस आलं, जिथे नाचणीसुद्धा मनाविरुद्ध उगवते. तो आणि रतन बिऱ्हाड घेऊन लोणावळ्याला गेले. दत्तोबाने मध्ये भिंत घातली आणि पलीकडच्या बाजूला दार काढलं; घरातली पोरंबाळं, म्हाताऱ्या आत्या-चुलत्या सगळी त्या बाजूला गेली. सरुबाईच्या दोन्ही लेकी केव्हाच नांदायला गेलेल्या होत्या.

आता हिशेब. दत्तोबाला केंद्र मिळालं, फोटो मिळाला. फोटोतला धूर त्याने फोटोग्राफरला सांगून पुसून घेतला. नंदाबाईला चेअरमनीणबाई म्हणतात, समोर तरी. जिल्ह्याच्या साहेबांना फुकटचा फेटा. रतनला तिची चूल मिळाली, भाड्याच्या खोलीत का होईना. लाल दाढीवाला आपल्या देशाला बाहेर काढायला आत जाऊन बसला असेल. हनुमंताचं खाचर गेलं, पण भाऊ मिळाला. अंबाजी आता बाजाराच्या दिवशी मुद्दाम लोणावळ्याला जातात, हॉटेलच्या मागच्या दाराशी दोघं चहा पितात आणि पोटभर बोलतात, असं लोक येऊन सांगतात. त्याचं हॉटेल गेलं हे खरं. तरी तो म्हणतो, मला महाग पडलं नाही.

लोक येऊन सांगतात, कारण अंबाजी सांगत नाहीत. चार माणसांत, परमुलखातल्या पाहुण्यांदेखत, बायकोने निरोप अडवला, हे त्यांनी त्या दुपारपासून मनात धरलं. तिच्यामुळेच आपण भावाशी बोललो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ते जास्त लागलं असावं. भाकरी थापून सरुबाई ताट वाढते, ते जेवतात, हात धुतात, उठतात. तिच्याशी ते तेव्हापासून एक शब्दही बोललेले नाहीत.

ज्या कामातून तिला सुटायचं होतं, त्यातून ती सुटली. आता कुणाचा निरोप कुणाला पोचवायचा नाही. घरात दोनच माणसं आहेत, आणि त्यांच्या मध्ये उभं राहायला तिसरं कुणी उरलेलं नाही.